कापोसोचा फोन मुलोबाला लागतो

कापोसो मिशन
५ ऑक्टोबर २००६

जावईबापू,

तार तुटलेली नाही. फोन मी खाली ठेवत होते.

हे सगळ्यात वर लिहून घेतलं, कारण तुम्ही परवा पुन्हा खांबावर चढलात असं गाडीवाला सिमुकोंडा सांगत होता. या वयात माणसाने खांबावरून उतरावं, चढू नये. मुलोबाच्या हॉस्पिटलचे फोन सांभाळता म्हणून तुमच्याकडची वायर बदललीत, आमच्याकडच्या वायरमनला उन्हात उभं करून त्याच्याकडूनही बदलून घेतलीत. काही गरज नव्हती. दिवस भरत आलेल्या बायकांच्या घरात, जिथे मी त्यांना सांभाळते, तिथे तुमचा फोन रोज वाजतो. मी उचलते. तुमचा आवाज असा स्वच्छ येतो की कणगीमागे बसून बोलताय असं वाटावं. मग मी ठेवून देते. दुसरं काय करणार? जावयाचा आवाज कानाला लावून बसू? तुमचं लग्न झाल्यापासून तुम्ही समोरून आलात की मी वाट सोडून गवतात शिरत आले. या गुडघ्यांनी. तुमच्या मानासाठी मी ज्या गवतात बसले आहे तिथे साप बसायलाही घाबरतील. पहिल्यांदा फोनमध्ये तुमचा आवाज ऐकला तेव्हा मी कमरेला गुंडाळलेलं चितेंगे सोडून डोक्यावरून घेतलं आणि खाली बसले. खोलीतल्या बायका इतक्या हसल्या, की मला वाटलं एखादी इथेच मोकळी होते.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहून घेतलं नसतं. सिमुकोंडा म्हणाला, तुम्ही त्याच्याजवळ बोललात, ‘माझा आवाज ऐकला की माझी मुलगी फोन आपटते.’ म्हणून हे पत्र. लोम्बे त्या फोनच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ती तिकडे बाहेरच्या पेशंटांची नावं लिहून घ्यायला बसते. आपटणारी मी. तिच्या नावावर हे पाप घालू नका, तिची स्वतःची वेगळी आहेत.

हे पत्र तीच लिहिते आहे. तोंड असं केलंय, जसं काही मी तिला शिळ्या लापशीवरची साय खायला दिली. म्हणते, “झालं ना आजी? एवढंच सांगायचं होतं ना?” नाही झालं. लिही गं सवती. आजीने नातीला सवत म्हणून चिडवायची आपली रीतच. पूर्वी सवत म्हटलं की फाडकन म्हणायची, “म्हातारे, तुझा तो दातपडका नवरा तुलाच ठेव.” आजोबाच्या कबरीपाशीसुद्धा म्हणाली होती. आता हसत नाही. मी एकटीच थट्टा करते आणि एकटीच हसते. वेडी म्हणतील अशाने.

ती तुमच्याशी का बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरी एकदा कागदावर येऊ दे, तिच्याच हाताने. माझी लेक कासोन्दे गेली त्या दिवशी या पोरीने तुम्हाला फोन लावला. बराच वेळ लावला. फोन वाजत राहिला आणि तुम्ही उचलला नाही. तुम्ही आलात तेव्हा माती सारखी करून झाली होती.

पेन थांबलं होतं. आता पुन्हा चाललं.

तुम्ही त्या वेळी अंगणाबाहेर उभे राहून शपथ घेतलीत, की माझ्या खोलीत फोन वाजलाच नाही. ती म्हणते, माझ्या कानात वाजत होता. तुम्ही दोघंही खोटं बोलणारी नाही, आणि दोघांचंही खरं कसं असेल ते मला कळत नाही.

खांबावर चढू नका.

बानाकासोन्दे

कापोसो मिशन
१९ ऑक्टोबर

जावईबापू,

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं सांगते, कारण तुमच्या बाजूने दिसणारं नव्हतं.

वायरमनने मला ती पेटी समजावली होती. म्हणाला, आज्जे, प्रत्येक हॉस्पिटलची फोनची पेटी वेगळी. आमची, तुमची, चितुंडूची. कुठल्याच पेटीला सगळे नंबर ठाऊक नाहीत. आपल्या घरातला नसलेला नंबर कुणी फिरवला की ती ओळखीच्या पेटीला विचारते, बाई गं, हा तुझ्याकडे राहतो का? तिला ठाऊक नसेल तर ती पुढच्या ओळखीच्या पेटीला विचारते. मी म्हटलं, अरे बाबा, यात तुम्ही शोध काय लावलात? हरवलेली शेळी आम्ही अशीच शोधतो. पण म्हणाला, आधी ओळख करून द्यावी लागते, दोन्हीकडून. एकीने ओळख ठेवली आणि दुसरीने नाही ठेवली, तर दुसरी तिला दारात उभी करत नाही. हे मात्र मला पटलं. पेटी चांगल्या घरची दिसते.

मुलोबाच्या नर्सच्या खोलीचा नंबर त्यानेच मला बोटांनी पाठ करून दिला होता. आकडे मला कळत नाहीत. कुठल्या ओळीतलं कितवं बटण, एवढं कळतं.

दुपारी चोलाला रक्त जायला लागलं. दलदलीतल्या बेटावरची ती मुलगी, होडीत बसून आली होती, आधीचं एक बाळ गेलेलं. आमच्या सिस्टर एनेस गाडी घेऊन लसी द्यायला लांबच्या गावात गेलेल्या. डॉक्टर आमच्याकडे असतो कधी? मी एका बाईला लोम्बेकडे पळवलं आणि फोनकडे गेले. बटणं दाबली. वाजला. उचलला. आणि आवाज कुणाचा, तर तुमचा. त्या खोलीत नर्सनेच बसावं असा काही नियम नाही का? तुम्ही तिथे टेबलाखाली वायर जोडत होतात म्हणे.

माझा हात आपोआप खाली निघाला. जावईबापू, मी खरंच ठेवत होते. मग चोलाच्या अंगाखालचं चितेंगे पाहिलं. सगळं भिजलेलं.

मी रिसीव्हर चटईवर ठेवला, पाण्याच्या मडक्याशेजारी. त्याच्याकडे पाठ केली आणि मडक्याला ओरडून म्हटलं, “ए मडक्या, ऐक! ज्याला ऐकू येतंय त्याला सांग, इथे एका बाईचं रक्त थांबत नाही!”

तिकडे सगळं गप्प. मला वाटलं, शहरात राहून हा वस्तूच्या आडून बोलायची रीत विसरला, आता मेली पोर. मग रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, “टेबला, त्या मडक्याला विचार, कितवा महिना? पोट कडक लागतंय का?”

“मडक्या, सांग, नववा. दगड लागतोय हाताला.”

“टेबला, नर्सबाई म्हणतात मडक्याला सांग, डाव्या कुशीवर निजवा. आत हात घालू नका. कुणालाच घालू देऊ नका. इथून गाडी निघाली.”

चोला डोळे उघडून म्हणाली, “आजी, कुणाशी बोलताय?”

“मडक्याशी. तू गप पड.”

“आजी, मी मरतेय ना?”

“मरणारी असतीस तर मी मडक्याशी बोलत बसले असते का? तुझ्याशी नसते बोलले?”

तोवर लोम्बे आली. तिने चोलाचे पाय उशीवर घेतले आणि डोकं खाली घालून बसली. तुमचा आवाज तिच्या हाताएवढ्या अंतरावर होता. तुम्ही टेबलाशी जे जे बोललात ते सगळं तिने ऐकलं. गाडी कुठवर आली असेल, नदीवरचा पूल सुका आहे, आता वळणाच्या झाडापाशी असेल. गाडी दारात येईपर्यंत तुम्ही बोलत राहिलात. मी ऐकत राहिले, मडक्याच्या आडून.

चोलाचं बाळ राहिलं नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. चोला राहिली. परवा परत आली आणि दाराशी बसून असते. मी तिला भाजलेली रताळी देते आणि काही विचारत नाही.

आता शेवटचं. गाडी गेल्यावर फोन ठेवायच्या आधी तुम्ही म्हणालात, “टेबला, त्या मडक्याजवळ जे मोठं माणूस बसलंय त्यांना सांग, माझ्या अंगावरचं मरण अजून कुणी उतरवलेलं नाही. घरात बायकोला आठवा लागलाय. ती रात्री झोपत नाही.”

मी उत्तर दिलं नाही. ऐकलं नाही असं समजू नका. रीतीप्रमाणे कासोन्देच्या कुळातल्या माणसाने तुमच्या मनगटाला पांढरे मणी बांधून तुम्हाला मोकळं करायला हवं होतं, आणि त्याआधीच तुम्ही दुसरी केलीत. आम्ही रागावलो ते त्याला. पण न उतरलेलं मरण आता पोटातल्या मुलावर जाईल, आणि त्याने आमचं काय केलंय? मी माझ्या भावाकडे जाते. तो कुटुंबाचा मोठा. मरण त्याच्या शब्दाशिवाय उतरत नाही.

हे सगळं लोम्बेने लिहिलं.

बानाकासोन्दे

कापोसो मिशन
२ नोव्हेंबर

जावईबापू,

मुबांगाकडे जाऊन आले. माझा भाऊ तसाच आहे, फक्त पोट वाढलंय.

म्हणाला, “माती झाल्यावर उगवला. वर्ष झालं नाही तोच दुसरी आणली. आता मणी मागतो?”

मी म्हटलं, “तू त्याला दारातून हाकललंस. दारातून हाकललेल्या माणसाला मणी काय वाऱ्याने बांधायचे?”

“तू सासू असून त्याची बाजू घेतेस?”

“मी त्याची बाजू कशी घेईन? मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.”

हसला. मग डोळे पुसले. कासोन्दे त्याची लाडकी होती. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढायची, म्हणून तर त्याला टक्कल पडलं असं मी म्हणते. शेवटी म्हणाला, “मी अडवणार नाही. पण बांधणारही नाही, माझा हात उठणार नाही. लोम्बे आपल्या कुळाची आहे. आईच्या जागी तिने बांधले तर मरण उतरलं असं मी मानीन.”

मला हे आधीच सुचायला हवं होतं. आपल्यात मूल आईच्या कुळाचं; तुम्ही बाप असलात तरी कूळ तुमचं वेगळं, ती आमची. कासोन्देच्या वतीने तुम्हाला मोकळं करायचा अधिकार तिच्याएवढा कुणाचाच नाही.

घरी येऊन तिला सांगितलं. ती कसावाचा पाला कांडत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, “नाही.”

“का?”

“आईसाठी ज्याने फोन उचलला नाही त्याच्या मनगटाला मी हात लावणार नाही.”

“त्या बाईच्या पोटात मूल आहे. तुझंच भावंड.”

“मग आजी, तू बांध.”

“मी त्याच्यासमोर कशी जाऊ? मनगट काय मडक्यातून बाहेर काढणार आहे तो?”

हसली नाही. पाला जास्तच बारीक झाला त्या दिवशी.

मी जबरदस्ती करणार नाही, जावईबापू. मनात काळं ठेवून बांधलेले मणी म्हणजे नुसता दोरा. मरण त्याला हसून जागच्या जागी बसून राहतं. तुमच्या बायकोला सांगा, घाबरू नकोस, पुष्कळ पाणी पी, चालत जा. मी इथे एवढ्या बायका पाहिल्या, भीतीने कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही. तिचं नाव तुम्ही कधी कळवलं नाहीत. कळवा. मला तिला नावाने बोलवायचं आहे.

तुमच्या चिकटपट्ट्या आल्या. सिस्टर एनेस म्हणाल्या, दोन्ही हॉस्पिटलांत खोल्यांचे नंबर तेच ते आहेत, त्यामुळे पेट्या जोडल्यावर कोण कुणाला बोलावतंय ते पेट्यांना कळेना. म्हणून आता आमच्या सगळ्या नंबरांपुढे पाच लागणार आणि तुमच्या नंबरांपुढे दोन. प्रत्येक फोनवर नवा नंबर चिकटवायचं काम लोम्बेला दिलंय, कारण तिचं अक्षर चांगलं. ती तुमच्या मनगटाला हात लावणार नाही म्हणते, पण तुमच्या चिकटपट्ट्या खोलीखोलीत लावत फिरणार आहे. हे मी तिला बोलून दाखवलं. त्यावर तिने ज्या नजरेने पाहिलं ती नजर कासोन्देची होती.

बानाकासोन्दे

कापोसो मिशन
१६ नोव्हेंबर

जावईबापू,

या वेळी अक्षर वेगळं आहे. सिस्टर एनेस लिहीत आहेत. त्यांना मी सांगितलंय, मी म्हणेन ते लिहायचं, सुधारायचं नाही.

हे पाकीट सिमुकोंडाच्या खिशात आहे. मणी बांधून होईपर्यंत तुमच्या हातात द्यायचं नाही असं त्याच्याकडून वचन घेतलंय. तेव्हा तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही मोकळे झालात. लोम्बे तुमच्या घरात बसलेली असेल. तिच्यासमोर वाचू नका. बाहेर जा.

सोमवारी काय झालं ते ती कदाचित सांगेल, कदाचित नाही. ती चिकटपट्ट्या लावत बायकांच्या वॉर्डापर्यंत आली. तिथे चादरींची कोठी आहे, कायम कुलूप असलेली. आत फोन आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. पेटी पहिल्यांदा बसवली तेव्हा कोठीची खोली रिकामी होती, म्हणून तिथे एक फोन लावून टाकला, आणि मग त्याच्यापुढे चादरी रचल्या गेल्या. वायरमनच्या यादीत मात्र तो होता. लोम्बेने किल्ली मागून घेतली आणि गठ्ठे बाजूला करून आत शिरली.

जेवायला आली नाही. मी शोधत गेले. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती, मांडीवर धुळीने भरलेला फोन.

“आजी,” म्हणाली, “बाबांच्या खोलीचा नंबर काय होता?”

“मला आकडे-अक्षरं कळत असती तर पत्र लिहायला तुझी मनधरणी केली असती का?”

“दोनशे चौदा. मुलोबाला आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो ना, तिथे कुठूनही दोनशे चौदा फिरवलं की बाबा उचलायचे. शाळेतून आले की मी रोज फिरवायची. बाबा, मी आले. एवढंच.”

मग तिने मला फोनवरचा जुना कागद दाखवला. मला तो नुसता कागद. तिने बोट ठेवून वाचला. दोनशे चौदा.

कासोन्दे गेली त्या दिवशी ती आमच्या ऑफिसात धावत गेली आणि लहानपणापासून फिरवत आली तोच नंबर फिरवला. दोन्ही हॉस्पिटलं मिशनची, तिला वाटलं फोनही एकच. पण आमची पेटी तेव्हा आमच्या घरापलीकडे कुणालाच ओळखत नव्हती. तिने आपल्याच घरातलं दोनशे चौदा वाजवलं. तुमच्याकडे काही वाजलं नाही, तिच्या कानात वाजत राहिलं. दोघंही खरं बोलत होतात.

“मी चादरींना फोन लावत होते, आजी,” म्हणाली. “आणि राग बाबांवर धरला.”

कासोन्देच्या मातीला ही पोर रडली नव्हती. त्या कोठीत रडली. मी शेजारी बसून राहिले. थट्टा सुचली नाही, असं माझं सहसा होत नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मुबांगाकडे जाऊन मणी मागून आणले, दोरा स्वतः वळला, आंघोळ केली, आणि आज पहाटे गाडीत बसली. जाताना म्हणाली, “म्हातारे, तुझ्या जावयाला काय निरोप सांगू?” मी म्हटलं, “त्याच्याकडे बघू नकोस, मी बघत नाही.” हसली, जावईबापू. पुष्कळ दिवसांनी.

आता जे सांगायचं ते सांगते. यासाठीच अक्षर बदललं.

कासोन्देची खाट त्या कोठीच्या भिंतीला लागून होती. मी उशाशी होते. भिंतीपलीकडे फोन वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. मला राग येत होता, की माझी मुलगी जाते आहे आणि या लोकांना साधा फोन उचलता येत नाही. कासोन्देने डोळे मिटलेले होते. ते तिने उघडले आणि म्हणाली, “आई, कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय. उचला ना.”

मी म्हटलं, “झोप बाळा. तो आपल्यासाठी नाही.”

ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. त्यानंतर काही बोलली नाही.

तो तुमच्यासाठी होता. तुमची मुलगी तुम्हाला हाका मारत होती आणि तुमच्या बायकोने शेवटचं जे ऐकलं ते तेच. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी सोमवारपासून रात्रंदिवस तेवढाच विचार करते आहे. कधी वाटतं, तिने ओळखलं होतं, म्हणूनच भिंतीकडे वळली. कधी वाटतं, हे मी म्हातारी माझ्या समाधानासाठी बोलते.

लोम्बेला हे मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिचा फोन रिकाम्या खोलीत वाजून वाया गेला. वाया गेला नाही, तिच्या आईच्या कानापर्यंत गेला, हे कळलं तर तिचं मन हलकं होईल की कायमचं मोडेल, ते मला ठरवता येत नाही. मी आजी आहे. आम्ही थट्टा करायला असतो, एवढं जड आमच्याने उचलवत नाही. तुम्ही तिचे बाप, आणि आता तुमच्या अंगावर काही राहिलेलं नाही. तुम्ही ठरवा. आज नका. आज तिला पोटभर जेवू घाला, तिच्या नव्या आईशी बोलू द्या, आणि बाहेर बसलात तर जवळ बसा. कधीतरी ती आपणहून विचारेल, आई शेवटी काही बोलली का. तेव्हा ठरवा.